अर्धस्मृत बंदिशीचा शोध : हिंदुस्थानी संगीतातील ओळखीची साधने आणि त्यांच्या मर्यादा

प्रस्तावना

शास्त्रीय संगीत आवडीने ऐकणाऱ्या बहुतेकांच्या मनात एखादी चीज अशी असते, की तिचा मुखडा गुणगुणता येतो. परंतु राग कोणता, गायक कोण, पुढचे शब्द काय, यांपैकी काहीही सांगता येत नाही. आकाशवाणीने १९५२ साली अखिल भारतीय संगीत कार्यक्रम सुरू केल्यानंतर हा अनुभव घरोघरी पोहोचला. निवेदक रागाचे नाव आरंभी व अखेरीस सांगत असे. ज्याने मध्येच रेडिओ लावला आणि अखेरीपूर्वीच जो कामाला निघून गेला, त्याच्याजवळ नाव नसलेली सुरावट तेवढी उरली. मैफलींच्या खासगी ध्वनिफितींचेही तसेच आहे. १९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट आणल्यानंतरच्या दशकांत हौशी रसिकांनी अशा असंख्य फिती भरून ठेवल्या. त्यांपैकी अनेकींवर गायकाचे नाव आणि तारीख यांपलीकडे काही लिहिलेले नसते. काहींवर तेवढेही नसते.

प्रस्तुत लेखात अशा अर्धस्मृत चिजेची ओळख कशी पटविली जाते, तिच्यात कोणत्या अडचणी येतात आणि उपलब्ध ग्रंथ व यंत्रे तेथे कितपत साहाय्य करतात, याचे विवेचन केले आहे. संगीताचे शिक्षण न घेतलेल्या वाचकासही ते समजावे, अशी अपेक्षा आहे. लेखकाचे प्रतिपादन थोडक्यात असे, की आपल्याकडील बंदिशींचे संग्रह ज्याला राग आधीच ठाऊक आहे त्याच्यासाठी रचलेले आहेत. ज्याला केवळ चाल आठवते, त्याच्यासाठी आजवर माणूस हेच एकमेव साधन राहिले. आणि अशी माणसे आता झपाट्याने कमी होत आहेत.

स्मृतीत नेमके काय उरते?

चालीच्या स्मरणाविषयी मानसशास्त्रात बराच अभ्यास झालेला आहे. डब्ल्यू. जे. डाउलिंग यांनी १९७८ साली मांडलेल्या विवेचनानुसार चालीच्या स्मृतीचे दोन घटक असतात : एक, स्वर वर गेला की खाली आला याची रूपरेषा, दुसरा, ते स्वर ज्या सप्तकात बसतात त्याची चौकट. नव्याने ऐकलेल्या चालीची रूपरेषा मनात चटकन ठसते, नेमकी स्वरांतरे मात्र चाल परिचित झाल्यावरच पक्की होतात. म्हणूनच एकदाच ऐकलेली चीज गुणगुणणारा मनुष्य चढउतार बहुधा बरोबर दाखवितो, पण कोमल आणि शुद्ध यांत गल्लत करतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदातील एखाद्या रचनेच्या बाबतीत हा दोष फारसा बाधक ठरत नाही. रागसंगीतात मात्र एका स्वराच्या कोमल-शुद्ध भेदाने रागच बदलतो.

याशिवाय आणखी एक गोष्ट स्मृतीतून गळून पडते, ती म्हणजे तंबोरा. मैफलीत तो अखंड वाजत असतो, परंतु घरी परतताना कोणी तंबोरा गुणगुणत येत नाही. चाल आठवते, तिच्या पाठीमागचा षड्ज आठवत नाही. ओळखीच्या कामातील पहिली आणि सर्वांत मोठी अडचण येथूनच उद्भवते.

षड्जाचा प्रश्न

हिंदुस्थानी संगीतात षड्ज हा ठरावीक कंपनसंख्येचा स्वर नव्हे. गायक आपल्या गळ्यानुसार काळी एक, पांढरी चार अशी पट्टी निवडतो आणि तीच त्याची षड्जभूमी होते. चाल कोणत्या पट्टीत गुणगुणली याने काही बिघडत नाही. बिघडते ते त्या चालीत षड्ज कोणता हे न कळल्यास.

भूप रागाचे स्वर सा, रे, ग, प, ध असे पाचच आहेत व ते सर्व शुद्ध आहेत. हेच पाच स्वर कायम ठेवून षड्ज मात्र सरकवला, तर काय होते ते पाहावे. रिषभाला षड्ज मानल्यास मध्यमाद सारंगाचे स्वर मिळतात. गंधाराला षड्ज मानल्यास मालकंस उभा राहतो. पंचमाला षड्ज मानले तर दुर्गा, आणि धैवताला मानले तर धानी. संगीतशास्त्रात या प्रक्रियेस मूर्च्छना म्हणतात. गायक कधी कौशल्य म्हणून मैफलीत ती करून दाखवितात. परंतु तंबोऱ्याशिवाय गुणगुणणारा श्रोता नकळत तेच करीत असतो. त्याचा तुकडा पाच रागांपैकी कशातही बसू शकतो, आणि ऐकणारा जाणकार ज्या षड्जाची मनात कल्पना करील त्याप्रमाणे उत्तर देईल. एकाच गुणगुणण्याला दोन जाणकारांनी दोन राग सांगितले, तर त्यांपैकी एक चुकला असे लगेच समजू नये. दोघांनी षड्ज वेगळा धरलेला असणे शक्य आहे.

यावर साधा उपाय असा, की गुणगुणणाऱ्यास पुढे गाण्याचा आग्रह न करता, चाल जेथे विसावल्यासारखी वाटते त्या स्वरावर थांबावयास सांगावे, आणि त्या स्वराशी तंबोरा किंवा पेटी मिळवून तोच तुकडा पुन्हा म्हणवून घ्यावा. षड्ज योग्य असेल तर आठवण मोकळी होते व पुढचा भागही कधी कधी आपोआप येतो. अयोग्य असेल तर गुणगुणणारा अडखळतो किंवा भलत्याच परिचित गाण्याकडे घसरतो. हा उपाय सर्वत्र चालत नाही हे मात्र लक्षात घेतले पाहिजे. मारवा रागात षड्ज फार थोडा लावतात; कोमल रिषभ आणि धैवत यांवरच रागाचा भार असतो. मारव्यातील चीज आठवणारा मनुष्य विसाव्याचा स्वर म्हणून हमखास भलताच स्वर दाखवील.

समान स्वरांचे राग

षड्ज निश्चित झाला तरी स्वरांची यादी म्हणजे राग नव्हे. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर एकच आहेत. भातखंडे यांच्या वर्गीकरणात भूप कल्याण थाटात व देशकार बिलावल थाटात येतो; भूपाचा वादी गंधार आणि गानसमय रात्रीचा पहिला प्रहर, देशकाराचा वादी धैवत आणि समय सकाळचा. आता 'ग प ध प ग रे सा' एवढाच तुकडा कोणी गुणगुणला, तर तो कोठला? ओळींत लिहून पाहिल्यास सांगता येणार नाही. गंधारावर ठहराव असेल, रिषभ मोकळेपणाने लागत असेल आणि चाल मध्य सप्तकाच्या पूर्वांगात रेंगाळत असेल, तर भूप. धैवतावर ठाम उभे राहून चाल तार षड्जाकडे ओढ घेत असेल आणि रिषभ केवळ उतरताना पुसटसा येत असेल, तर देशकार. मारवा, पूरिया आणि सोहनी या त्रयीचीही हीच गोष्ट आहे. तिघांत रिषभ कोमल, मध्यम तीव्र आणि पंचम वर्ज्य. परंतु पूरिया मंद्र व मध्य सप्तकात गंधार-निषादाच्या आधाराने चालतो, तर सोहनी तार सप्तकात चमकते.

यावरून एक व्यवहार्य सूचना निघते. श्रोत्याला स्वर विचारण्यापेक्षा 'गाणे वर वर होते की खाली खाली?', 'गायक कोणत्या जागी वारंवार येऊन थांबत होता?', 'सकाळची मैफल होती की रात्रीची?' असे प्रश्न विचारणे अधिक उपयुक्त असते. या प्रश्नांची उत्तरे संगीत न शिकलेला मनुष्यही देऊ शकतो आणि ती बहुधा बरोबर असतात. गानसमयाचा संकेत रेडिओवरील व सभागृहातील कार्यक्रमांत नेहमीच पाळला जातो असे नाही. तथापि शक्यता कमी करण्यासाठी तो चांगलाच उपयोगी पडतो.

मुखडा, सम आणि अंतरा

श्रोत्यांना चिजेचा मुखडाच का आठवतो, याचे कारण ख्यालगायनाच्या रचनेत आहे. आलाप असो वा तान, प्रत्येक आवर्तनाच्या अखेरीस गायक मुखडा घेऊन समेवर येतो. मैफलीत एकच मुखडा कितीतरी वेळा कानावर पडतो. अंतरा त्या मानाने क्वचित. त्यातही विलंबित ख्यालाचे आवर्तन इतके दीर्घ असते, की नवख्या श्रोत्याला त्याचा आकार जाणवत नाही. म्हणून अर्धस्मृत चिजा बहुधा छोटा ख्याल, ठुमरी किंवा तराणा या प्रकारांतील असतात. (तराण्याच्या बाबतीत शब्दांचा आधारही नसतो, 'दीं तोम् तनन' या अक्षरांवरून काय शोधणार?)

मुखड्यात सुरांव्यतिरिक्त आणखी दोन खुणा दडलेल्या असतात : चिजेचा उठाव कोणत्या मात्रेपासून आहे आणि समेवर कोणता स्वर व कोणते अक्षर येते. त्रितालातील कित्येक द्रुत बंदिशी खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उठतात. सतारीवरील मसीतखानी गत बाराव्या मात्रेपासून. गुणगुणणाऱ्यास हातावर ताल धरावयास सांगितले, तर समेची टाळी तो सहसा चुकत नाही, कारण गाणे ऐकताना त्याची मान तेथेच हललेली असते. प्रस्तुत लेखकाच्या मते समेचा स्वर आणि समेचे अक्षर ही जोडी अर्धस्मृत चिजेची सर्वांत विश्वसनीय खूण होय. कोमल-शुद्धाची गल्लत झालेली असली तरी समेचे अक्षर टिकून राहते.

शब्दांचा मार्ग वरवर पाहता सोपा दिसतो. प्रत्यक्षात तो निसरडा आहे. बंदिशींची भाषा प्रायः ब्रज, गायकाचा उच्चार स्वरांच्या ओढीने बदललेला, आणि ऐकणाऱ्याचा कान मराठी. पिया, सखी, श्याम, मोरे यांसारखे शब्द तर शेकडो चिजांत येतात. त्यात पुन्हा समान मुखड्याच्या चिजा निरनिराळ्या रागांत आढळतात, आणि एकच चीज दोन घराण्यांत वेगळ्या पाठाने व वेगळ्या वळणाने गातात.

चिजेवर रचनाकाराची मुद्रा असेल तर शोध एकदम सुलभ होतो. मुहम्मदशाहाच्या (कारकीर्द १७१९–१७४८) दरबारातील न्यामत खाँ यांची 'सदारंग', फिरोज खाँ यांची 'अदारंग', आग्रा घराण्याच्या फैयाज खाँ यांची 'प्रेमपिया', विलायत हुसेन खाँ यांची 'प्राणपिया', बडे गुलाम अली खाँ यांची 'सबरंग', रामाश्रय झा यांची 'रामरंग' या मुद्रा सर्वपरिचित आहेत. परंतु मुद्रा प्रायः अंतऱ्यात येते, आणि अंतराच तर श्रोता विसरलेला असतो! चिजेच्या ज्या भागात कर्त्याचे नाव आहे, तोच भाग स्मृतीतून आधी जातो. शिवाय अर्धवट ऐकलेली मुद्रा दिशाभूल करू शकते. जगन्नाथबुवा पुरोहित यांची मुद्रा 'गुणिदास' आणि त्यांचे शिष्य चि. रा. व्यास यांची 'गुणिजान'. केवळ 'गुणि' एवढेच आठवत असेल तर रचना गुरूची की शिष्याची हे ठरविण्यास दुसरा पुरावा लागतो. सदारंगाच्या नावावर असलेल्या सर्वच चिजा त्यांच्या नाहीत, हेही आता सामान्यतः मान्य झालेले आहे. नाव मोठे असल्याने ते इतरांनीही घातले.

मुद्रित संग्रह कोणासाठी?

मुंबईचे वकील पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी अनेक घराण्यांच्या उस्तादांकडून व दरबारी गायकांकडून चिजा मिळवून त्या 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत स्वरलिपीसह प्रसिद्ध केल्या. ही मालिका मुळात मराठीत निघाली. तिच्यातील चिजांची संख्या सुमारे १८०० आहे. त्यानंतर विनायकराव पटवर्धन यांचे 'रागविज्ञान', ओंकारनाथ ठाकूर यांची 'संगीतांजली', रामाश्रय झा यांची 'अभिनव गीतांजली' असे संग्रह निघाले. या सर्वांचे ऋण मोठे आहे. तथापि त्यांची मांडणी रागानुसार आहे. ती स्वाभाविकही होती. कारण हे ग्रंथ विद्यार्थ्याला राग शिकविण्यासाठी लिहिले गेले. विद्यार्थी यमन शिकावयास बसतो तेव्हा राग त्याला ठाऊक असतो, चीज ठाऊक नसते. आपल्या श्रोत्याची स्थिती नेमकी उलटी आहे. भातखंडे यांच्या लक्षणगीतांत रागाचे नाव व लक्षणे शब्दांतच गुंफलेली असतात. आठवणारी चीज योगायोगाने लक्षणगीत असेल, तरच तिच्या शब्दांनी थेट उत्तर मिळते.

पाश्चात्त्य संगीतात हा प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला गेला. हॅरोल्ड बार्लो आणि सॅम मॉर्गनस्टर्न यांनी १९४८ साली सुमारे १०,००० वाद्यसंगीतातील चालींचा कोश प्रसिद्ध केला. त्याच्या अखेरीस चालींची सूची आहे : प्रत्येक चाल एकाच पट्टीत आणून तिचे स्वर अक्षरांत लिहावयाचे आणि ती अक्षरे शब्दकोशाप्रमाणे वर्णक्रमाने लावावयाची. ज्याला स्वर ओळखता येतात त्याने चार-सहा अक्षरे लिहून सूची उघडावी, रचनेचे नाव मिळते. डेनिस पार्सन्स यांनी १९७५ साली याहून सोपी युक्ती काढली. त्यांनी स्वरांची नावेच सोडून दिली. आधीच्या स्वरापेक्षा पुढचा स्वर वर गेला, खाली आला की तोच राहिला, एवढेच नोंदविले. बीथोवनच्या पाचव्या सिंफनीचा (प्रथम प्रयोग १८०८) आरंभ या पद्धतीने असा होईल : पहिला स्वर, मग समान, समान, खाली, वर, समान, समान, खाली. स्वरज्ञान नसलेला मनुष्यही एवढे लिहू शकतो.

ही युक्ती आपल्याकडे जशीच्या तशी चालणार नाही. पियानोवरील स्वर सुटे असतात. ख्यालातील स्वर मींडेने जोडलेले, कणांनी वेढलेले. एका मींडेत 'वर' किती वेळा मोजावयाचे, यावर दोघांचे एकमत होणे कठीण. त्याहून मूलभूत भेद असा, की तेथे चाल रचनाकाराने कायमची लिहून ठेवलेली असते, येथे गायक तोच मुखडा दर वेळी थोडा वेगळा घेतो. आणि श्रोत्याला आठवतो तो तुकडा कदाचित बंदिशीचा नसून एखाद्या बोलतानेचा असतो. तो तर कोणत्याच ग्रंथात नसणार.

यंत्राद्वारे ओळख

भ्रमणध्वनीवरील यंत्रणांविषयी विद्यार्थी नेहमी विचारतात, म्हणून थोडे लिहिणे आवश्यक आहे. २००२ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या शझाम सेवेची पद्धत ध्वनिमुद्रणाचा ठसा जुळविण्याची आहे. तेच ध्वनिमुद्रण वाजत असेल व ते संग्रहात असेल तर ओळख पटते. त्याच गायकाने दुसऱ्या दिवशी गायिलेली तीच चीज तिच्या दृष्टीने वेगळी वस्तू असते. गूगलने २०२० साली गुणगुणून शोधण्याची सोय आणली. तिच्यात चालीची रूपरेषा जुळविली जाते. अप्रकाशित मैफलीच्या फितीपुढे मात्र ठसा जुळविणारे यंत्र निरुपयोगी ठरते, कारण जुळवावयास दुसरी प्रतच नसते.

नाट्यपदांचा दुवा

मराठी श्रोत्याजवळ या शोधात एक खास साधन आहे आणि त्याकडे दुर्लक्ष झाले आहे, असे वाटते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल' (१८८०) व 'सौभद्र' (१८८२) यांपासून संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या माथ्यावर 'चाल' नोंदविण्याची प्रथा होती. हे पद ज्या गाण्यावरून बेतले त्याचे आरंभीचे शब्द तेथे छापीत, पुष्कळदा राग व तालही. पुढे 'मानापमाना'ला (१९११) गोविंदराव टेंबे यांनी आणि 'स्वयंवरा'ला (१९१६) भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या, तेव्हा ठुमऱ्या व ख्यालाच्या बंदिशी थेट रंगभूमीवर आल्या. परिणामी अनेक मराठी घरांत मूळ चिजेच्या आधी नाट्यपद कानावर पडले. मैफलीत चीज ऐकताना 'हे कुठेतरी ऐकले आहे' असे वाटते, त्याचे मूळ पुष्कळदा आजीच्या तोंडच्या पदात असते. अशा वेळी श्रोत्याला चिजेचे शब्द विचारूच नयेत. त्या चालीवर कोणते मराठी पद बसते ते विचारावे. पद सापडले, की नाटकाचे पुस्तक उघडून माथ्यावरची ओळ वाचणे एवढेच उरते. त्या अर्थाने ही जुनी पुस्तके म्हणजे मराठीत आपोआप तयार झालेली बंदिशींची उलट सूचीच आहे. नव्या आवृत्त्यांत माथ्यावरची ही ओळ जपली पाहिजे. ती अडगळ समजून गाळली तर दुवा कायमचा तुटेल.

ध्वनिमुद्रिका व फिती

७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचे साहाय्यही मोठे आहे. भारतातील या उद्योगाचा आरंभ १९०२ साली कलकत्त्यास झालेल्या ध्वनिमुद्रणांनी झाला, त्यांत गौहरजान यांचीही ध्वनिमुद्रणे होती. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मिळत. त्यामुळे गायकाला चीज, अंतऱ्यासह, आटोपशीर म्हणावी लागे. मैफलीत जो अंतरा निसटतो तो येथे हाती लागतो. आरंभीच्या तबकड्यांत गायक अखेरीस स्वतःचे नावही सांगत. लेबलावर बहुधा चिजेचे आरंभीचे शब्द व राग असतात; रागनाम मात्र कानाने पडताळून घ्यावे.

खासगी फितींची स्थिती चिंताजनक आहे. चुंबकीय फीत कालांतराने खराब होते, तिचे संगणकीय रूपांतर आता ठिकठिकाणी होत आहे, हे खरे. पण रूपांतर केल्याने ओळख पटत नाही. ज्या श्रोत्यांनी ती मैफल समोर बसून ऐकली, ज्यांना 'ही चीज बुवांनी अमक्याकडून घेतली' हे ठाऊक आहे, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. फीत आणखी दहा वर्षे टिकेल. तिच्यावरील चीज ओळखणारा कान तितका काळ उपलब्ध असेल असे नाही. म्हणून महाविद्यालयांच्या संगीत व मराठी विभागांनी रूपांतराच्या आधी, निदान त्याच्या बरोबरीने, ओळखीचे काम हाती घ्यावयास हवे.

त्यासाठी प्रत्येक चिजेमागे एक साधे कार्ड पुरेल. त्यावर ताल, उठावाची मात्रा, समेचा स्वर, समेचे अक्षर, मुखड्याचे ऐकू आले तसे शब्द, मुखड्याची चढउताराची रूपरेषा आणि जाणकाराने सांगितलेला राग एवढे असावे. राग अखेरीस लिहावा आणि कोणी सांगितला त्याच्या नावासह लिहावा, म्हणजे मतभेद झाल्यास दोन्ही मते राहतील. ही कार्डे समेच्या अक्षराच्या वर्णक्रमाने लावली, तर चाल आठवणाऱ्यास उपयोगी पडेल अशी सूची हळूहळू उभी राहील. विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हे काम देता येण्याजोगे आहे; त्याला खर्च जवळजवळ नाही.

कार्ड भरताना एक दक्षता मात्र अवश्य घ्यावी. वयस्क श्रोत्याकडून तुकडा गुणगुणून घेताना तो प्रथम जसाच्या तसा ध्वनिमुद्रित करावा, आणि तोपर्यंत कोणीही रागाचे नाव उच्चारू नये. 'भूप आहे का हो?' असे विचारताक्षणी त्यांच्या मनात भूपातील दुसरी, अधिक परिचित चीज जागी होते आणि शोधावयाची चाल तिच्याखाली दडते. पहिले गुणगुणणे अशुद्ध असेल, अर्धे असेल, बेताल असेल. तरी तेच मूळ साधन समजून जपावे व दुरुस्त केलेला पाठ त्याच्या शेजारी स्वतंत्र नोंदवावा.